प्रकल्प नोंदी : पाडकामाआधीची सोळा घरं

६ नोव्हेंबर २०२४

फराळाचे डबे अजून घरोघर फिरतायत, तेवढ्यात काम पक्कं झालं. सदाशिव पेठ, पेरूगेटच्या मागची सोसायटी. चार मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. बिल्डरशी करार झालाय, जानेवारीअखेर घरं रिकामी करायची आहेत. त्याआधी प्रत्येक कुटुंबाचा त्याच्याच घरात एक पोर्ट्रेट आणि सगळ्यांचं मिळून एक पुस्तक. फ्लॅश नाही, मागे पडदा नाही, खिडकीतून येईल तो उजेड.

खजिनदार काकांचा पहिला प्रश्न, "एका घराला दहा मिनिटं पुरे ना?" मी तास मागितला, पाऊण तासावर तोडपाणी झालं. त्यातला पहिला पाव तास कॅमेरा बॅगेतच राहणार, हे त्यांना सांगितलेलं नाही.

चाचणी म्हणून सेक्रेटरी काकांना जिन्याखाली उभं केलं. तोपर्यंत मीटरच्या बोर्डाशेजारी भिंतीला टेकून पार्किंगवरून तावातावाने बोलत होते. कॅमेरा वर आला आणि टाचा जुळल्या, मुठी वळल्या, श्वास कोंडला. खजिनदार मागून ओरडले, "अहो, जरा नॅचरल राहा ना!" सेक्रेटरींचे खांदे आणखी दोन इंच वर.

म्हणून नियम एक: शूट चालू असताना ‘नॅचरल’, ‘रिलॅक्स’, ‘स्माइल’ कोणी म्हणायचं नाही, आणि प्रेक्षकांनी खोलीत थांबायचं नाही. अंगाला कळते ती अंगाची सूचना. उजवा पाय मागे घ्या. कोपर टेबलावर टेका. सोळापैकी निम्म्या घरांनी आधीच बजावलंय की आम्हाला पोज द्यायची नाही, साधा सहज फोटो हवा. पण हात कुठे ठेवायचे हे कोणीतरी ठरवावंच लागतं. मी नाही ठरवलं तर ते काम भीती करते, आणि तिला एकच पोज येते: सावधान.

१० नोव्हेंबर

रविवार. उजेडाची पाहणी. सोबत भाचा, अकरावीत आहे, प्रत्येक घरात मॉडेल म्हणून तोच बसला आणि प्रत्येक घरात चिवडा खाल्ला.

उत्तरेकडच्या खिडक्या दिवसभर चालतील. पश्चिमेच्या गॅलऱ्या साडेचारनंतर, पण सहाच्या सुमारास सूर्यास्त, तेव्हा दिवसाला एकच घर होईल. बहुतेकांनी गॅलरी बंद करून खोलीत घेतलीय, त्यामुळे उजेड खोलीत शिरेपर्यंत अर्धा होतो. दुसऱ्या मजल्यावर एका घराला पोपटी ऑइलपेंट आहे. भिंतीवरून परतणारा उजेड गालावर हिरवा पडतो. तिथे खुर्ची भिंतीपासून चार फूट पुढे आणि अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर धरायची.

लेन्सचा हिशोब: ८५ मिलिमीटरने गुडघ्यापर्यंतचा फोटो घ्यायचा तर नऊ-साडेनऊ फूट मागे जावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत सोफा, शोकेस आणि दिवाण असल्यावर मी जिन्यातच उभी राहीन. ५० मिलिमीटरने साडेपाच फुटांत भागतं. त्याहून पुढे सरकायचं नाही.

१४ नोव्हेंबर

तळमजला, दोन घरं. आज फक्त पायांकडे बघायचं ठरवलं होतं.

फोटो चेहऱ्याचा असला तरी ताठपणा खालून वर चढतो. दोन्ही पायांवर सारखं वजन आलं की गुडघे आवळले जातात, कंबर आणि खांदे एका रेषेत येतात, मानेला हलायला जागाच उरत नाही. सगळं वजन मागच्या पायावर टाकून पुढचा गुडघा सैल सोडला की कंबर एका अंगाला कलते, खांदा उलट्या अंगाला, आणि मान स्वतःहून थोडी तिरकी होते. स्टुडिओवाल्यांनी लावलेला हा शोध नव्हे. आपल्या मूर्तिशास्त्रात उभं राहण्याचे प्रकारच सांगितलेत: समभंगात शरीर मधल्या रेषेवर तोललेलं, आभंगात हलका बाक, त्रिभंगात मान, कंबर आणि गुडघा अशी तीन वळणं. मला आभंग पुरतो. काकांना त्रिभंग सांगितला तर फोटोआधी हाडाचा डॉक्टर बोलवावा लागेल.

आणि समचरण उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवणं एका पांडुरंगालाच शोभतं. बाकी कोणी तसं उभं राहिलं की टँकरची वाट बघतंय असं दिसतं.

"वजन मागच्या पायावर टाका" असं सांगून मात्र उपयोग नाही. माणूस वजनाचा विचार करू लागतो आणि तो विचार चेहऱ्यावर दिसतो. त्याऐवजी, "काकू, दाराच्या चौकटीला खांदा टेका." चौकट निम्मं काम करते. मी खिडकीच्या बाजूला उभी राहते, म्हणजे अंग दाराकडे आणि चेहरा माझ्याकडे, असं तिरपं वळण आपसूक मिळतं. बसायचं असेल तर सोफा बाद. सोफ्यात माणूस रुततो, पोट वर येतं, हनुवटी गळ्यात. जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बैठक. पाठ टेकवायची नाही, अंग कमरेतून किंचित पुढे.

१७ नोव्हेंबर

तिसरा मजला, आजी. वय ८४. पाऊण तासाच्या जागी दोन तास गेले आणि वसूल झाले.

आजींचं सासर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा वाड्यात पाणी शिरलं आणि घरातले सगळे फोटो गेले. लग्नातला एकच राहिला, तोही माहेरी एक प्रत होती म्हणून. तो कपाटातून काढून दाखवला. मागे रंगवलेल्या बागेचा पडदा, आजोबा खुर्चीत, दोन्ही पंजे मांड्यांवर सपाट. आजी शेजारी उभ्या, उजवा हात उंच तिवईवर, तिवईवर फुलदाणी. "फोटोवाल्याने सांगितलं होतं, श्वास घेऊ नकोस. मी दोघांचाही रोखून धरला होता, ह्यांना कुठला धीर!"

श्वास रोखायला सांगण्याला मूळ कारण होतं. १८३९ साली डगेरोटाइप, म्हणजे धातूच्या प्लेटवर फोटो घ्यायची पद्धत, जगापुढे आली तेव्हा प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. हललं की चेहरा पुसट. म्हणून बसणाऱ्याच्या डोक्यामागे लोखंडी स्टँडचा चिमटा लावत, हात कशावर तरी टेकवत. आजींच्या लग्नापर्यंत सेकंदाचा छोटा अंश पुरत होता, पण सूचना पिढ्यान्पिढ्या तशीच चालत आली. त्यातलं श्वासाचं टाकून द्यावं आणि तिवईचं ठेवावं. मोकळा लोंबणारा हात कोणालाच सांभाळता येत नाही. त्याला टेकायला जागा लागते, नाहीतर काम.

आजींना काम मी शोधलं नाही, त्यांनीच जुडी पुढे ओढली. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर मेथी. डाव्या हातात काडी, उजव्या अंगठ्याच्या नखाने पान खुडायचं, पान स्टीलच्या पातेल्यात, काडी कागदावर. अंगठ्याच्या कडेला हिरवट डाग. खांदे खाली, कोपरं अंगापासून सुटलेली, श्वास संथ. असं बसायला मी शब्दांत सांगितलं असतं तर संध्याकाळ झाली असती.

पण काम चालू असताना घेतलेले फोटो निरुपयोगी निघतात. डोकं खाली, पापण्या मिटल्यासारख्या, कपाळ आणि भांगच दिसतो. फोटो असतो काम थांबतं त्या क्षणाला. मी शटरवर बोट ठेवून विचारलं, "आजी, मेथी कडू लागते मला. धुऊन चिरायची की चिरून धुवायची?" त्यांनी मान वर केली. पान चिमटीतच राहिलं. चेहऱ्यावर, एवढंही कळत नाही का हिला, असा स्वच्छ भाव. तो फोटो. (आधी धुवायची. चिरल्यावर धुतली तर चव पाण्यात जाते म्हणे.)

हातांबद्दल एवढं आणखी: पंज्याची पाठ कॅमेऱ्याकडे आली तर तो चेहऱ्याएवढा मोठा दिसतो. करंगळीकडची कड दिसली की निमुळता. वस्तू घट्ट धरली की बोटांची पेरं पांढरी पडतात आणि घाबरल्याचं लगेच कळतं, म्हणून हलकी वस्तू द्यावी: चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, अडकित्ता. चहाचा कप चालतो, पण अर्धा भरलेला. काठोकाठ भरलेल्या कपाकडे लक्ष जातंच.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, शूट नाही. सकाळी अर्धी सोसायटी गेटपाशी शाई लावलेलं बोट वर करून सेल्फी काढत होती. कोणाचेही हात अवघडलेले नव्हते. बोटाला दाखवायचं काम मिळालं की बाकीचा हात निमूट त्याच्या मागे जातो. यापुढच्या सगळ्या फोटोंत डाव्या तर्जनीवर शाई असणार. पुसायची नाही, एडिटिंगमध्येही नाही.

२३ नोव्हेंबर

निकालाचा दिवस. दुसऱ्या मजल्यावर शूट, टीव्ही बंद करायला कोणी राजी नाही. आवाज बंद, चित्र चालू, असा तह झाला. काका खुर्चीत अगदी मोकळे, पण नजर माझ्या कानाजवळून पलीकडे. शेवटी टीव्हीच फिरवून माझ्या मागे आणला. आकडे बदलले की भुवया हलत होत्या. मध्येच हाक मारली की अर्धं लक्ष तिकडे ठेवून माझ्याकडे बघत. तेवढंच अर्धं लक्ष मला हवं असतं. पूर्ण लक्ष दिलं की डोळे थिजतात.

चष्मा. काकांचा प्रोग्रेसिव्ह आहे. जवळचं बघायला ते काचेच्या खालच्या भागातून बघतात, त्यासाठी हनुवटी वर जाते, आणि फोटोत नाकपुड्या. शिवाय काचेत अख्खी खिडकी. उपाय दोन्हींवर एकच: चष्म्याच्या काड्या कानावर केसभर उचलायच्या, म्हणजे काच खाली झुकते आणि खिडकी त्यातून निघून जाते. मग कपाळ माझ्याकडे पुढे आणायचं. "हनुवटी खाली घ्या" म्हटलं की लोक ती गळ्यात दाबतात आणि दुहेरी करून ठेवतात. "कपाळ पुढे" म्हटलं की मान लांबते, जबड्याखाली सावलीची रेघ पडते. समोरून बघताना पुढे काढलेली मान दिसत नाही. बाजूने बघणाऱ्याला विचित्र वाटतं, म्हणूनच घरच्यांना बाहेर काढलेलं असतं. काकू तरी पडद्याआडून हसल्याच.

त्या हसण्याने काकाही हसले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना सुरकुत्या पडल्या. १८६२ साली ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हा फरक नोंदवून ठेवलाय: ओठांचे कोपरे मनात आणलं की वर जातात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू हुकुमाला सहजी दाद देत नाही, त्याला खरोखरचं कारण लागतं. "हसा" म्हणून हुकूम सोडला की दात मिळतात, डोळे मिळत नाहीत. आणि सगळ्यांनी हसलंच पाहिजे असंही मला वाटत नाही. पेठेतला माणूस आधी शंका घेतो, मग हसतो. शंकेचा फोटोही बरा असतो.

२७ नोव्हेंबर

उरलेल्या घरांना तयारीची कल्पना यावी म्हणून चार ओळी लिहून दिल्या होत्या. खजिनदार काकांनी त्या स्वतःच्या भाषेत सुधारून फलकावर लावल्या. जशाच्या तशा उतरवून ठेवते:

"फोटोबाबत सूचना. नवे कपडे घालू नयेत; घालायचेच असल्यास दोनदा धुऊन घालावेत. बारीक रेघांचे व चौकड्यांचे शर्ट टाळावेत, फोटोत किडे चालल्यासारखे दिसतात. केस त्याच दिवशी कापू नयेत, आठवडाभर आधी कापावेत. कॅमेऱ्यासमोर असलेल्या व्यक्तीस तिच्या घरच्यांनी सूचना करू नयेत. ‘माझे फोटो चांगले येत नाहीत’ हे सर्वांचेच म्हणणे आहे, पुन्हा सांगू नये."

यात बदल करण्यासारखं काही नाही.

१ डिसेंबर

चौथा मजला. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले काका. इस्त्रीचा शर्ट, भांग पट्टीने आखल्यासारखा. चौकटीला टेकवून पाहिलं, खुर्चीत तिरकं बसवून पाहिलं, हातात वर्तमानपत्र दिलं. सगळ्यांत कोणीतरी त्यांना बळेच वाकवल्यासारखं दिसत होतं. त्यांनीच विचारलं, "मी सरळ उभा राहू का? मला असं लोंबकळत उभं राहायची सवय नाही."

उभे राहिले. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, हात पँटच्या शिवणीला. सेक्रेटरी काका याच पोजमध्ये अवघडले होते, हे मात्र यात मुरलेले. श्वास चालू होता, जबडा सैल होता, अंगठ्यावर ताण नव्हता. तीस वर्षं अंगात भिनलेली उभं राहण्याची रीत तीच त्यांची सहज रीत. त्यांना सैल सोडायला लावणं म्हणजे पोज द्यायला लावणं. माझ्याकडून एकच मागणी, "श्वास पूर्ण सोडून झाला की माझ्याकडे बघा." बाकी काही हलवलं नाही.

त्यामुळे यापुढे घरात शिरल्यावरचा पाव तास यासाठीच: हा माणूस फोनवर बोलताना कुठे टेकतो, दार उघडताना कुठला हात वापरतो, ऐकताना मान कुठे कलते. मग त्याला त्याचीच सवय परत सुचवायची. "मघाशी बहिणीशी बोलताना कपाटाला हात लावून उभ्या होतात ना, तशा." हे वाक्य सगळ्यांत भरवशाचं ठरतंय.

५ डिसेंबर

पहिल्या मजल्यावरची कॉलेजकन्या. तिच्याइतका सराव सोसायटीत कोणालाच नाही, आणि तिच्याइतकं अवघड कोणीच नव्हतं. डोकं वर करून डावीकडे, गाल आत, ओठ पुढे, एका सेकंदात तयार. फोन हातभर अंतरावर वर धरल्यावर हे चालतं. चेहऱ्यापासून दीड फुटावर कॅमेरा आणि नाकापासून कानापर्यंत पाचेक इंच. अठरा इंचांत पाच म्हणजे पाव हिश्शाहून जास्त, म्हणून नाक मोठं आणि कान मागे गेलेले. त्यावर तोडगा म्हणून ही पोज शिकलेली. मी साडेपाच-सहा फुटांवर उभी असताना त्या तोडग्याची गरजच नसते.

तिची तक्रार: "ताई, माझा चेहरा वाकडा आलाय." वाकडा नव्हता, उलटा होता. आपण स्वतःला आरशात बघतो, फोनचा पुढचा कॅमेराही पडद्यावर आरशासारखंच दाखवतो. भांग आणि तीळ रोजच्या बाजूला दिसत नाहीत म्हणून परकं वाटतं. अमेरिकेत १९७७ साली यावर प्रयोग झालाय: ज्याचा फोटो त्याला आरशासारखी उलटी प्रत जास्त आवडली, मैत्रिणींना सुलटी. मी लॅपटॉपवर तोच फोटो आडवा फिरवून दाखवला. "हां, आता बरोबर." आईला विचारलं, तिने पहिल्यावर बोट ठेवलं.

म्हणून शूट चालू असताना मागचा स्क्रीन कोणाला दाखवत नाही. एकदा बघितलं की पुढचे फोटो बघितलेला दुरुस्त करण्यात जातात.

१० डिसेंबर

जोड्या. लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी मध्ये एक फूट अंतर. "जवळ या" म्हटलं की दोघंही लाजून आणखी ताठ. यांना पुढे-मागे उभं करायचं: एकाचा खांदा दुसऱ्याच्या खांद्यामागे, दोघांचे पाय एकमेकांकडे वळलेले, डोकी एका उंचीवर नकोत. उरलेलं अंतर भांडणाने मिटतं. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली कोण द्यायचं, एवढं विचारलं. आजी आजोबांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "हे देतात, आणि दहा मिनिटं पुढे करून ठेवतात." दंड धरलेला हात नंतरही तिथेच राहिला.

लहान मुलांचं काही लिहीत नाही. त्यांच्या उंचीवर बसायचं आणि शटरचा वेग १/५०० सेकंदाहून कमी ठेवायचा नाही.

१४ डिसेंबर

निवड. प्रत्येक घराला तीन फोटो पाठवले, अट अशी की स्वतःचा स्वतः निवडायचा नाही, घरातल्या दुसऱ्याने निवडायचा. सोळापैकी चौदा घरांत भांडणाशिवाय झालं. सुभेदार काका एकटे राहतात, त्यांचा शेजारच्यांनी निवडला. चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंनी तिन्ही नाकारून आधार कार्डावरचा लावा म्हणून निरोप दिलाय. उद्या चहाला जाऊन बघते.

छपाई १२ बाय १८ इंच, मॅट कागद, म्हणजे ट्यूबलाइट चमकणार नाही. सवाई गंधर्व संगीत महोत्सव सुरू व्हायच्या आत फाइली छापखान्यात, नंतर कोणी फोन उचलणार नाही.

राहिला तो गच्चीवरचा सामूहिक. पन्नासेक माणसं, तिथे एकेकाची सवय बघायला वेळ नाही. आजी-आजोबा खुर्च्यांवर मध्ये, पोरं पुढे सतरंजीवर, उंच माणसं कडेला नकोत, ती मागे टाकीजवळ. सगळ्यांनी डोळे मिटायचे, मी तीन म्हटल्यावर उघडायचे, लगेच चार-पाच फ्रेम. रविवारी सकाळी आठला. खुर्च्या तळमजल्यावरून पाच जिने वर न्यायच्या आहेत. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.